धक्का मणक्यात मोजा

सुरुंगरोधक गाडीची चाचणी झाली की आधी विचारलं जातं ते पत्र्याचं. बूड फाटलं का, दार उघडतंय का, चाक किती लांब जाऊन पडलं. उत्तरं ठीक आली की गाडी पास. आमच्या मते हे प्रश्न नंतरचे आहेत. आधी विचारायला हवं ते आत बसलेल्या माणसाबद्दल: त्याच्या पायाच्या नळीवर किती किलोन्यूटन भार आला (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो), कमरेला किती ‘जी’चा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट, धक्का बसला, मान किती दाबली गेली. हे सगळं मोजता येतं. मोजायची पद्धत जगात ठरलेली आहे. ते आकडे हातात आल्याशिवाय पोलीस दलाने एकही गाडी घेऊ नये. घेतलेल्या गाडीत मोजणारी यंत्रणा, म्हणजे सेन्सर, कायमची बसवावी. आणि स्फोटानंतर निघालेला आकडा जवानाच्या सेवापुस्तकात नोंदवावा, असं आम्हाला वाटतं.

हा विषय खानदेशातून का मांडायचा? राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ६ धुळ्यात आहे, आणि राखीव बलाच्या कंपन्या गडचिरोलीच्या बंदोबस्तावर आलटून पालटून जातच असतात. साक्री, पारोळा, चाळीसगाव भागातली पोरं लष्करात आहेत, सीआरपीएफमध्ये आहेत. भुसावळ आणि वरणगावच्या फॅक्टऱ्यांत तर घरंच्या घरं पिढ्यान्‌पिढ्या कामाला आहेत. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. तेव्हा भुसावळ ‘यंत्र इंडिया’कडे गेलं आणि वरणगाव ‘म्युनिशन्स इंडिया’कडे. म्हणजे दारूगोळ्याच्या धंद्यात हात असलेली माणसंही इथलीच, आणि सुरुंग पेरलेल्या रस्त्यावरून जाणारीही इथलीच.

१ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ स्फोट झाला. शीघ्र कृती पथकाचे १५ पोलीस आणि चालक गेले. ते साध्या खासगी वाहनात होते. तिथे सेन्सरने काही साधलं नसतं. मात्र त्याच्या आदल्या वर्षी, १३ मार्च २०१८ ला, छत्तीसगडमध्ये सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ सीआरपीएफचे ९ जवान मेले, आणि ते सुरुंगरोधक गाडीत होते. ‘सुरुंगरोधक’ या शब्दाला नेहमी एक वजन चिकटलेलं असतं. नाटोच्या ‘स्टॅनॅग ४५६९’ या मानकात दुसरी पातळी ६ किलो टीएनटीची, तिसरी ८ किलोची, चौथी १० किलोची. पुढे ‘अ’ असेल तर स्फोट चाकाखाली, ‘ब’ असेल तर बुडाच्या मधोमध. रस्त्यात पुरलेला स्फोटक डबा या यादीत बघून भरलेला नसतो. म्हणून ‘आमची गाडी चौथ्या पातळीची’ एवढं ऐकून समाधान मानू नये. दहा किलोला आतल्या माणसाची काय अवस्था झाली आणि मर्यादेपासून तो किती आत होता, हे विचारावं. मर्यादेच्या काठावर पास झालेली गाडी आणि निम्म्यावर पास झालेली गाडी यांच्या प्रमाणपत्रावर एकच शिक्का असतो. बारा किलोचा स्फोट झाला की दोन्हींतला फरक दिसतो.

स्फोटात आत नेमकं काय होतं ते नीट समजून घेऊ. बाहेरून सगळं एकाच क्षणी झाल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात धक्के एकामागोमाग येतात. पहिल्या एक मिलिसेकंदाच्या आत दाबाची लाट आणि उडालेली माती बुडावर आदळते. पुढच्या काही मिलिसेकंदांत तळाचा पत्रा वर फुगतो. गाडी अजून जागची हललेलीही नसते, पण तळाला टेकलेल्या टाचेला मार बसून गेलेला असतो, ऐरणीवर पाय ठेवावा आणि खालून घण बसावा तसा. टाचेचं हाड, घोटा, नळी यांच्या दुखापती इथल्या. मग साधारण दहा ते चाळीस मिलिसेकंदांच्या दरम्यान धक्का सीटमधून कमरेत आणि कण्यात चढतो. त्यानंतर गाडी पूर्ण उचलली जाते. पट्टा बांधलेला नसेल तर डोकं छताला लागतं आणि मान खाली दाबली जाते. अर्ध्या सेकंदाने किंवा त्याहून उशिरा गाडी खाली आदळते, आणि कण्याला दुसरा तडाखा बसतो. व्ही आकाराचं बूड दाब बाजूंना वळवतं. १९७० च्या दशकात ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेत ही कल्पना पक्की झाली, तिथली ‘कॅस्पिर’ गाडी आपल्याकडेही आली. पण बूड फाटू न देणं आणि धक्का माणसापर्यंत पोहोचू न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम सीट, पायटेक आणि पट्टा करतात.

सीटचं ढोबळ गणित बघा. समजा स्फोटाने गाडीचं शरीर सेकंदाला ६ मीटर वेगाने वर गेलं. जवान लोखंडी बाकावर बसलाय, खाली दबल्यावर दोन सेंटिमीटर देणारा फोम आहे. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, असं केलं तर सरासरी त्वरण येतं सेकंदवर्गाला ९०० मीटर, म्हणजे सुमारे ९२ जी. तोच धक्का १२ सेंटिमीटर खाली सरकणाऱ्या सीटवर घेतला तर १५ जीच्या आसपास. फरक दहा सेंटिमीटरचा आहे, आणि एका बाजूला मणक्याचं फ्रॅक्चर आहे. सीट सरकायची ती बारा सेंटिमीटर जागा सीटखाली मोकळी असायला हवी. प्रत्यक्षात तिथे काडतुसांच्या पेट्या, पाण्याचा जार, टॉमी-जॅक कोंबलेले असतात. चाचणीला आलेल्या गाडीत सीटखाली काहीच नसतं. म्हणून चाचणी सामान भरून घ्यावी, जसं सामान कंपनी खरोखर नेते तसं.

चाचणीत माणसाच्या जागी बसतो तो ‘हायब्रिड-३’ डमी: उंची १७५ सेंटिमीटर, वजन सुमारे ७८ किलो. त्याच्या कमरेत तिन्ही दिशांचा ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) असतो, नळीच्या हाडात लोड सेल (भार मोजणारा सेन्सर), मानेत वरच्या टोकाला लोड सेल, छातीवर दाबाचा सेन्सर. नाटोच्या कार्यपद्धतीत मर्यादा दिल्या आहेत. नळीच्या खालच्या भागात ५.४ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास साडेपाचशे किलोचा भार. मानेवरचा दाब सुरुवातीला ४ किलोन्यूटन, आणि तो टिकून राहिला तर ३० मिलिसेकंदांपाशी १.१ किलोन्यूटनच. छातीची भिंत आत जाण्याचा वेग सेकंदाला ३.६ मीटर. कण्यासाठी ‘डायनॅमिक रिस्पॉन्स इंडेक्स’ नावाचा आकडा, मर्यादा १७.७. हा आकडा विमानातल्या इजेक्शन सीटच्या, म्हणजे वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटच्या, अभ्यासातून आला. त्यात कणा म्हणजे एक स्प्रिंग आणि तिची हालचाल आवरणारा डॅम्पर धरतात, वर धडाचं वजन ठेवतात, कमरेला मोजलेलं त्वरण खालून देतात आणि स्प्रिंग जास्तीत जास्त किती दबली ते काढतात.

यातला १७.७ किंवा ५.४ हा ‘सुरक्षित’ आकडा आहे असा समज पसरलेला दिसतो. तो चूक आहे. त्या आकड्याला मध्यम किंवा त्याहून गंभीर दुखापतीची शक्यता दहा टक्के असते. गाडीत आठ जण असतील आणि आठही जण नेमके मर्यादेवर असतील, तर किमान एकाचा कणा दुखावण्याची शक्यता ५७ टक्के निघते. गाडी तरीही पास. म्हणून खरेदी समितीला ‘पास’ हा शब्द पुरू नये, प्रत्येक सीटचा आकडा तिच्यासमोर आला पाहिजे.

डमीचीही मर्यादा आहे आणि ती लपवू नये. हायब्रिड-३ मोटारींच्या समोरासमोरच्या टकरीसाठी घडवला गेला. खालून वर येणाऱ्या धक्क्यासाठी त्याचा कणा आणि पाय फार ताठ आहेत. म्हणूनच ‘मिल-एलएक्स’ हा वेगळा पाय तयार झाला, आणि अमेरिकी लष्कराने ‘वायमॅन’ नावाचा पूर्ण नवा डमी बनवून घेतला. मिल-एलएक्स मवाळ आहे. तो त्याच धक्क्याला कमी आकडा दाखवतो, आणि त्याची मर्यादा नळीच्या वरच्या भागात २.६ किलोन्यूटन आहे. इथे घोटाळ्याला जागा आहे. पाय मिल-एलएक्सचा लावला आणि मर्यादा ५.४ ची धरली, तर घोटे मोडणारी गाडीही कागदावर पास होते. अहवालात पायाचा प्रकार आणि मर्यादा एकाच ओळीत लिहिलेली असावी.

शिवाय आपला जवान त्या डमीच्या मापाचा नसतो. महाराष्ट्र पोलीस भरतीत पुरुषांना किमान १६५ सेंटिमीटर उंची लागते. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगावकडचा पावरा किंवा भिल्ल तरुण ५५-६० किलोचा असू शकतो. धक्का शोषणारी सीट एका ठरावीक भाराला सरकायला लागते. हलका माणूस बसला तर सीट सरकायला कुरकुरते आणि त्याच्या अंगावर जास्त जी येतात. वजनदार माणूस जाकीट, हेल्मेट, शस्त्र, काडतुसं घेऊन बसला तर सीट सगळी सरकून खाली आपटते. चाचणी एका मापाच्या डमीवर भागवायची नसेल तर निदान एका सीटवर हलका डमी आणि एका सीटवर पूर्ण साहित्यासह जड डमी बसवावा. बुटांची टाच पायटेकावर नीट टेकते की लोंबते, हेही १६५ सेंटिमीटरच्या माणसाला बसवून पाहावं. यासाठी स्फोट लागत नाही, टेप लागते.

सेन्सर लावले की आकडे मिळतात आणि आकडे मिळाले की ते खरे असतात, असं मानणाऱ्यांनी एकदा कच्चा आलेख बघावा. स्फोटाच्या चाचणीत मोजणी बिघडायला फार जागा आहेत. तळपत्र्यावर बसवलेला ॲक्सेलरोमीटर हजारो जी बघतो. कमी पल्ल्याचा बसवला तर आलेखाचा माथा सपाट कापला जातो, आणि त्या सपाट माथ्यावरून काढलेला प्रत्येक हिशेब खोटा ठरतो. पिझोइलेक्ट्रिक (दाबला की वीज देणारा) सेन्सर जबर धक्क्यानंतर शून्यावर परतत नाही, थोडा सरकतो. त्वरणाची बेरीज करून वेग काढताना तो सरकलेला शून्य धरला की गाडी हवेत कायमची तरंगत असल्याचा निष्कर्ष निघतो. सेन्सरखाली जोडलेली पट्टी पातळ असेल, बोल्ट ढिला असेल, तर सेन्सर गाडीचा धक्का न मोजता पट्टीची थरथर मोजतो. केबल मोकळी सोडली की तिच्या झटक्याचेच काटे आलेखावर येतात. दर वीतभर अंतरावर ती बांधावी लागते. दाबाच्या सेन्सरला स्फोटाचा उजेड आणि उष्णता लागली तरी तो दाब म्हणून दाखवतो, म्हणून त्याच्या तोंडावर सिलिकॉन ग्रीसचा थर देतात. नमुने घेण्याचा वेगही ठरवून ठेवावा लागतो: डमीसाठी सेकंदाला दहा हजारांच्या वर, दाबासाठी लाखाच्या वर. आलेखातली थरथर गाळणारा फिल्टर कोणता लावला ते अहवालात हवंच. एकच कच्चा आलेख वेगळ्या फिल्टरमधून काढला की मोठा धक्का लहान दिसतो, आणि विकणाऱ्याला लहान आकडा हवा असतो.

खरं-खोटं तपासायला एक साधी फूटपट्टी आहे. वेगवान कॅमेऱ्यात गाडी किती उंच उडाली ते दिसतं. एक मीटर उडाली असेल तर तिचा वर जाण्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असला पाहिजे. ॲक्सेलरोमीटरची बेरीज करून हाच वेग येतो का ते बघावं. ९ आला किंवा दीड आला तर तो चॅनेल, म्हणजे त्या सेन्सरची नोंद, बाद करावा, मग त्याने गाडी पास होत असो की नापास. ही तपासणी ज्या अहवालात नाही तो अहवाल आम्ही अपुरा मानू.

मातीचंही बघावं लागतं. नाटोच्या पद्धतीत पाण्याने भिजवलेली वाळू-खडी ठरलेल्या घनतेची, वर १०० मिलिमीटर माती, किंवा मग पोलादी भांडं. कारण कोरड्या सैल मातीत तेवढीच दारू गाडीला कमी ढकलते. ओली, दाबलेली माती स्फोटाचा जोर वर वळवते. मे महिन्यातल्या कोरड्या मुरमात घेतलेली चाचणी आणि तापीकाठच्या पावसाळी काळ्या मातीतली चाचणी यांची तुलनाच होऊ शकत नाही. ‘आम्ही दहा किलो लावले’ या वाक्यात मातीचा ओलावा आणि घनता नसेल तर ते वाक्य अर्धं आहे.

आता वापरातल्या गाडीकडे येऊ. तिच्यात डमी नसतो, जवान असतात. तिथे डमीइतकी बारीक मोजणी शक्य नाही आणि गरजही नाही. प्रत्येक सीटच्या पायाशी तीन दिशांचा ॲक्सेलरोमीटर, तळावर दोन, आत दाबाचे दोन सेन्सर आणि एक जाड डब्यातला रेकॉर्डर एवढं पुरे. रेकॉर्डर सतत लिहीत आणि पुसत राहतो. धक्का ठरावीक मर्यादेपुढे गेला की आधीचे शंभर मिलिसेकंद आणि नंतरचे दोन सेकंद कायमचे साठवतो. दोन सेकंद यासाठी की गाडी खाली आदळल्याचा तडाखाही नोंदला जावा. ट्रिगर, म्हणजे नोंद साठवायचा इशारा, एका सेन्सरवर ठेवू नये. दार आपटलं, खड्ड्यात चाक गेलं, छतावरून फैरी झाडल्या की तो उगाच चालू होईल. तळ आणि सीट दोन्हींनी एकदम सांगितलं तरच नोंद व्हावी. स्फोटात गाडीची बॅटरी आधी जाते, म्हणून रेकॉर्डरला वीज साठवणारा स्वतःचा कपॅसिटर हवा. आणि उष्णता. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हात उभ्या बंद लोखंडी गाडीत त्याहून कितीतरी जास्त. साधी लिथियम बॅटरी आणि तापमानाची भरपाई न करणारे स्वस्त सेन्सर तिथे टिकत नाहीत. वर्षातून एकदा, उन्हाळा संपल्यावर, प्रत्येक सेन्सर ज्ञात धक्क्यावर तपासून घ्यावा.

हे सगळं परकं तंत्र नाही. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रात टर्बाइनच्या बेअरिंगवर कंपनाचे सेन्सर रात्रंदिवस जागे असतात. खाणीतल्या सुरुंगांसाठी तर आपल्याकडे नियमच आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकाने शेजारच्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाची मर्यादा ठरवली आहे: ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, २५ पर्यंत १०, त्यापुढे १५. घराच्या भिंतीला तडा जाऊ नये म्हणून कंपन मोजलंच पाहिजे, हे आपण पाव शतकापूर्वीच मान्य केलं. मोटारींचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे टक्कर-चाचणीवरून मोटारींना तारे देणारी योजना, आहे. धुळ्याचा माणूस गाडी घेताना तिचे तारे इंटरनेटवर बघतो, आणि ते तारे डमीच्या डोक्या-छातीतल्या सेन्सरवरूनच ठरतात. तोच माणूस वर्दी घालून सरकारी गाडीत बसतो तेव्हा त्याच्या सीटचा आकडा त्याला कुणी सांगत नाही.

अमेरिकेचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकवणारा आहे. २०११ च्या सुमारास अफगाणिस्तानात सैनिकांच्या हेल्मेटवर, खांद्यावर, छातीवर स्फोटाचा दाब मोजणारे ‘ब्लास्ट गेज’ बसवले गेले. २०१२ मध्ये जॉर्जिया टेक या विद्यापीठाने बनवलेली सेन्सरची संच-यंत्रणा सैनिकांवर आणि गाड्यांच्या सीटवरही गेली. पुढे २०१६ मध्ये अंगावरच्या गेजचा वापर थांबवला, कारण वाचन आणि मेंदूची दुखापत यांचा भरवशाचा मेळ बसेना. त्यामागे भौतिकशास्त्र होतं. लाटेकडे तोंड असलेला सेन्सर परावर्तित दाब वाचतो, तो मूळ दाबाच्या दुपटीहून जास्त असू शकतो. पाठीमागचा सेन्सर आडोशाला असतो. एकाच माणसाच्या अंगावर तीन आकडे येतात. तरीही २०२४ मध्ये त्यांनी प्रशिक्षणासाठी दर चौरस इंचाला ४ पौंड दाब, म्हणजे सुमारे २८ किलोपास्कल, ही सावधगिरीची रेषा ठरवली आणि नोंद ठेवायला लावली. आमच्या मते यातून घ्यायचं ते इतकंच: सेन्सर रोगनिदान करत नाही, तो कुणाला डॉक्टरकडे आधी न्यायचं ते सांगतो. गाडीतल्या सीटचा सेन्सर या बाबतीत अंगावरच्या गेजपेक्षा भरवशाचा आहे, कारण तो कुठे आणि कसा बसलाय हे ठाऊक असतं.

मग हा आकडा माणसापर्यंत न्यायचा कसा? गाडी निघण्याआधी कोण कोणत्या सीटवर बसला याची यादी हवी. ती नसेल तर सहा नंबरच्या सीटने नोंदवलेले चाळीस जी कुणाचेच नसतात. ही यादी चालकाशेजारच्या अंमलदाराने भरावी आणि वायरलेसवर कळवावी, कारण गाडीसोबत कागदही जळतो. स्फोटानंतर ठरलेली मर्यादा ओलांडलेल्या सीटवरचा जवान चालत-बोलत असला तरी त्याची तपासणी त्याच दिवशी व्हावी: टाचेचा आणि कण्याचा एक्स-रे, गरज पडल्यास सीटी, कानाची तपासणी, स्मरण आणि तोल यांची चाचणी. कानाचा पडदा ३५ किलोपास्कलच्या आसपास फाटू लागतो. टाचेच्या हाडाला बारीक तडा असेल तर माणूस सुरुवातीला लंगडतही नाही. अंगात भिनलेला जोश ओसरला की दुसऱ्या दिवशी पाय टेकत नाही.

आणि आठ-दहा वर्षांनी काय होतं ते इथल्या कुणालाही विचारा. निवृत्तीच्या जवळ आलेला हवालदार धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात कंबर धरून रांगेत उभा राहतो. वैद्यकीय मंडळ विचारतं, ही दुखापत सेवेतली कशावरून? त्याच्याकडे कागद नसतो. स्फोटात तो ‘किरकोळ जखमी’ होता, किंवा जखमींच्या यादीत नव्हताच. सीटचा आलेख तेव्हाच सेवापुस्तकात लागला असता तर त्याला साक्षीदार शोधत फिरावं लागलं नसतं.

इथे एक धोका आहे आणि तो आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो. आकडा आला की कारकुनी त्याला उलटा वापरू शकते: ‘सेन्सरने मर्यादा ओलांडली नाही, सबब दावा नामंजूर.’ असं होणार असेल तर सेन्सर न बसवलेले बरे. म्हणून नियमातच लिहावं की मर्यादेपुढचं वाचन तपासणी बंधनकारक करतं आणि दाव्याला पुरावा ठरतं, पण मर्यादेखालचं वाचन किंवा बंद पडलेला सेन्सर कुठलाही दावा नाकारायला कारण होऊ शकत नाही. सेन्सर नादुरुस्त असेल तर संशयाचा फायदा जवानाला.

गुप्ततेचा आक्षेप येईल, आणि तो अर्धा खरा आहे. कोणत्या गाडीचं बूड कुठे कमजोर आहे हे जाहीर करायचं कारण नाही. पण जवानाच्या कण्यावर आलेला धक्का ही त्याच्या शरीराची माहिती आहे, रक्तदाबासारखी. ती त्याला आणि त्याच्या डॉक्टरला मिळायला शत्रूचा काय फायदा? खर्चाचा आक्षेपही येईल. डमी महाग आहे, पण तो राज्याला विकत घ्यायची गरज नाही. डमीवरची मोजणी पुण्याच्या एआरएआय या वाहनचाचणी संस्थेत मोटारींसाठी होते, स्फोटाचं शास्त्र चंडीगडच्या टर्मिनल बॅलिस्टिक्स प्रयोगशाळेकडे आणि पुण्यातल्या संरक्षण संस्थांकडे आहे. हे हात एकत्र आणायला गृहखात्याच्या निविदेत अट लागते. वापरातल्या गाडीचा रेकॉर्डर तर जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली पोरं जुळवू आणि तपासू शकतील, वार्षिक कॅलिब्रेशन धुळ्यातच होऊ शकेल.

निविदेतली अट फार लांब नको. पुरवठादाराने प्रत्येक सीटच्या नळीचा, कण्याचा, मानेचा आणि छातीचा आकडा कच्च्या आलेखासह द्यावा, डमीचा आणि पायाचा प्रकार, फिल्टर, मातीची घनता-ओलावा आणि उडालेल्या उंचीशी घेतलेला मेळ त्यासोबत जोडावा. चाचणी पूर्ण सामानासह व्हावी, एका सीटवर हलका डमी असावा. गाडीसोबत रेकॉर्डर यावा आणि त्यातली नोंद उघडण्याची किल्ली पुरवठादाराकडे न राहता पोलीस दलाकडे राहावी. शेवटची अट गाळली तर बाकी सगळ्यांना अर्थ उरत नाही, कारण स्फोटानंतर आपल्याच गाडीचा आकडा वाचायला विकणाऱ्याची परवानगी मागावी लागेल.